विंचवाची शेपटी

मोटारीला सायलेन्सर असतो तो तिला गप्प बसविण्यासाठी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. नावच तसे पडले आहे, त्याला कोण काय करणार! परंतु हे नाव इंग्रजांचे. त्यांच्या मोटारींबरोबर आले आणि राहिले. अमेरिकन मनुष्य त्याच वस्तूला 'मफलर' म्हणतो; थंडीत गळ्याभोवती गुंडाळावयाचा तोच. जर्मन लोक तिला 'आउसपुफ-टॉप्फ' म्हणतात. त्यातला मागला अर्धा शब्द म्हणजे भांडे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या टोपाच्या इतका जवळचा वाटतो, की व्युत्पत्तीचे वेड असलेल्या मित्रांसमोर तो उच्चारण्याचे धाडस मी करीत नाही. इटालियन लोकांनी तर सरळ 'मार्मित्ता' म्हटले. मार्मित्ता म्हणजे रस्सा शिजवावयाचा मोठा हंडा. मला हे नाव सर्वांत अधिक आवडते. हंड्यात काहीतरी रटरटत असते, आणि कान तयार असलेल्या गृहिणीला झाकण न काढताही आत काय चालले आहे ते समजते.

मोटारीच्या शेपटीतून येणारा आवाज माणूस ऐकावयास कसा शिकला, तो हौसेने बदलावयास केव्हा लागला, आणि हौसेने बदललेला आवाज पुढे एके दिवशी आपणहून बदलला तर त्यात कोणती बातमी असते, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. ती नुसती मनोरंजक नाही, हे पुढे येईलच.

प्रथम आवाज येतो कोठून ते पाहिले पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते, पण तो भडका चारी बाजूंनी लोखंडाने कोंडलेला असतो. बाहेर ऐकू येते ती सुटका. झडप उघडते त्या क्षणी आतला वायू बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाबाखाली असतो; तो नळीत एकदम मोकळा होतो आणि त्या धक्क्याची लाट नळीच्या टोकाशी येऊन फुटते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर अशा सुटका सेकंदाला १०० होतात. कानाला त्या वेगळ्या मोजता येत नाहीत. त्यांचा एक सूर होतो. सायलेन्सर नसलेल्या इंजिनाजवळ उभे राहिले, की हा सूर छातीत ऐकू येतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचे गाव आहे. तेथील मिल्टन रीव्ह्ज याने १८९६ साली एक मोटारगाडी बांधली. तिच्या आवाजावर तोड काढण्यासाठी त्याने व त्याचा भाऊ मार्शल याने एक डबा तयार केला आणि ११ मे १८९७ रोजी त्याचे पेटंट घेतले. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थाने बंदुकीसाठी सायलेन्सर काढला व १९०९ साली त्याचे पेटंट मिळविले. त्याच्या कारखान्यात मग इंजिनांचेही सायलेन्सर होऊ लागले. याचा बाप म्हणजे मशीनगन बनविणारा मॅक्सिम. बापाने जगाला जो आवाज दिला तो मुलाने परत घ्यावयाचा प्रयत्न केला, असे विनोदाने म्हणता येईल.

पण आरंभीच्या काळातल्या मोटारींत आणखी एक युक्ती असे, आणि ती आज सर्वस्वी विसरली गेली आहे. तिचे नाव कट-आउट. चालकाच्या पायाजवळ एक खटका असे. तो दाबला की सायलेन्सरच्या अलीकडे एक झडप उघडे आणि धूर हंड्यात न शिरता परस्पर बाहेर पडे. चढावर थोडी अधिक ताकद मिळावी हा त्याचा एक उपयोग. रस्त्यावरच्या घोड्यांना आणि भल्या माणसांना दचकविणे हा दुसरा. त्यामुळे गावोगावी त्यावर बंदी आली आणि ती योग्यच होती. परंतु तिसरा उपयोग असा, की इंजिनाची प्रकृती पाहावयाची असली म्हणजे जाणता चालक क्षणभर कट-आउट उघडी आणि ऐके. चारांतला एखादा सिलिंडर मार चुकवीत असेल, तर तबल्याच्या ठेक्यात एक बोल गळावा तसे ते लगेच कळे. बंदीबरोबर आवाज गेला तो ठीक. पण ही ऐकावयाची खिडकीही बंद झाली.

येथे वाट थोडी वाकडी करून व्हिएन्नाला जावयास हवे. १७६१ साली त्या शहरात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने एक लहानसे लॅटिन पुस्तक छापले. रोग्याच्या छातीवर बोटांनी टकटक केले असता निरोगी छाती एक नाद देते आणि पाणी भरलेली छाती दुसरा, एवढेच त्यात सांगितले होते. हा ग्रात्स गावच्या खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून आत दारू कोठवर आहे ते ओळखणे त्याने घरीच पाहिले असले पाहिजे. त्या पुस्तकाकडे त्याच्या हयातीत फारसे कोणी लक्ष दिले नाही. तो संगीताचा भोक्ता होता. सालिएरी या संगीतकाराच्या एका ऑपेराचे शब्द त्याने लिहिले आहेत, आणि तो ऑपेरा आहे धुराडी साफ करणाऱ्यावर! पुढे १८१६ साली पॅरिसला लाएनेक याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोप जन्माला आला. गॅरेजातला फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून इंजिनावर टेकवितो, किंवा रबरी नळीचे एक टोक कानात घालून दुसरे धुराच्या नळीवरून फिरवितो, तेव्हा तो याच परंपरेत बसलेला असतो. निदान हा आपला शब्द दोघांनाही सारखाच लागू आहे.

त्याच व्हिएन्नात १५ नोव्हेंबर १९०८ रोजी कार्ल आबार्ट जन्मला. वृश्चिक राशीचा. मोटरसायकलींच्या शर्यती हा त्याचा पहिला धंदा. १९३४ साली साइडकार जोडलेल्या मोटरसायकलवर बसून त्याने ओरिएंट एक्सप्रेस या आगगाडीशी शर्यत लावली आणि ती जिंकली, अशी त्याची ख्याती. १९३९ च्या एका भयंकर अपघातानंतर शर्यती संपल्या. युद्धाचा काळ त्याने युगोस्लाव्हियात काढला, मग इटलीत आला, कार्लचा कार्लो झाला, आणि चिसितालिया नावाच्या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात शिरला. तो कारखाना थोड्याच वर्षांत बुडाला. त्याच्या मोडतोडीतून वाट्याला आलेल्या गाड्या आणि सुटे भाग घेऊन ३१ मार्च १९४९ रोजी बोलोन्यात आबार्टने स्वतःचे दुकान मांडले. निशाणी घेतली विंचवाची. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये सिसिलीतल्या डोंगर चढण्याच्या शर्यतीत वृद्धापकाळाकडे झुकलेला थोर चालक नुवोलारी आबार्टची गाडी घेऊन उतरला आणि आपल्या वर्गात पहिला आला. ती नुवोलारीची अखेरची शर्यत.

नाव झाले, पण नावावर कारखाना चालत नाही. शर्यतीच्या गाड्या हा पैसे गिळणारा व्यवहार. तेव्हा आबार्टने जो तोडगा काढला तो मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा अधिक हुशारीचा वाटतो. युद्धात होरपळलेल्या इटलीत सामान्य माणसाकडे मोटार असलीच तर ती फियाटची, टीचभर. तिला तोपोलिनो, म्हणजे उंदराचे पिल्लू, म्हणत. त्या माणसाला शर्यतीची गाडी घेणे या जन्मी शक्य नव्हते. पण शर्यतीच्या गाडीचा आवाज? तो विकत घेता येईल! आबार्टने मार्मित्ता विकावयास काढली. काळा रंग दिलेला हंडा, त्यातून निघणाऱ्या चकचकीत क्रोमच्या नळ्या, आणि वर विंचू. मूळचा सायलेन्सर काढावयाचा, त्याच जागी हा बसवावयाचा. दुसरा काही बदल नको. ताकद किंचित वाढे. आवाज मात्र असा येई, की डोळे मिटले तर उंदराच्या पिल्लाचा वाघ झालासा वाटावे. १९५५ साली फियाट ६०० आली, १९५७ साली नवी ५०० आली, आणि या हंड्याला अंत राहिला नाही. १९६२ च्या सुमारास आबार्टचा कारखाना वर्षाला अडीच लाखांवर सायलेन्सर करीत होता, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक परदेशी जात होते. विंचवाचे सगळे सामर्थ्य शेपटीत असते हे त्याच्या निशाणीत होतेच. कारखान्याच्या हिशेबाच्या वहीतही ते उतरले.

आता त्या हंड्यात काय होते ते पाहू, कारण सारे निदान त्यावर अवलंबून आहे. आवाज दाबण्याचे मार्ग दोन. पहिला, नळी लहानमोठ्या बंद खोल्यांतून फिरवावयाची, म्हणजे भिंतींवर आपटून परतलेल्या लाटा पुढून येणाऱ्या लाटांना मारतात. हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने गेल्याच्या आदल्या शतकात पोकळ गोळ्यांवर जे प्रयोग केले त्यांचेच हे वंशज. या खोल्या जाड, खर्जातल्या आवाजावर चालतात. दुसरा मार्ग म्हणजे भोके पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर किंवा पोलादाची जाळी ठासून भरलेली. धूर सरळ निघून जातो, लाट भोकांतून लोकरीत शिरते आणि तेथे जिरते. ही लोकर बारीक, टिपेचे आवाज खाते. खर्ज तिला फारसा पचत नाही. शर्यतीच्या थाटाचे बहुतेक सायलेन्सर या दुसऱ्या जातीचे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या फोर्ड मोटारींना पोरे जे सायलेन्सर बसवीत तेही हेच.

तंबोऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही लोकर म्हणजे बंद जवारी. मिरजेच्या कारागिराने जवारी खुली केली, की तीच तार, तोच षड्ज, पण त्यावर वरच्या स्वरांचा झणझणाट उभा राहतो. सायलेन्सरातली लोकर जळून, फाटून, चिमटीचिमटीने शेपटीवाटे उडून जाऊ लागली म्हणजे नेमके हेच घडते. गाडीचा खर्ज आहे तसाच राहतो. वर मात्र एक खरखरीत, पत्र्यासारखी किनार येते. ज्याला हा फरक ऐकू आला त्याला हंडा उघडून पाहावयाची गरज नाही. उलट खर्जच एकाएकी फुगला, एका ठरावीक वेगाला आतले लोक बोलेनासे होतील असा घुमू लागला, तर आतली भिंत सुटली आहे किंवा नळी टांगणारे रबर तुटून ती गाडीच्या तळाला टेकली आहे, असे समजावे.

नव्या लोकरीच्या सायलेन्सरात एक गोष्ट अशीही होते, की पहिल्या काही शे मैलांत काजळी धरते आणि आवाज जरा भारदस्त होतो. विकणारा ते आधीच सांगून ठेवतो: 'थोडी चालू द्या, मग खुलेल.' हे खरे असते, आणि घोटाळा येथेच आहे. मूळच्या सायलेन्सरचा आवाज वाढला तर मालक घाबरतो. पैसे देऊन बसविलेल्या सायलेन्सरचा आवाज वाढला तर तो खूष होतो.

आणखी एक चमत्कार. थंड हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. चारशे अंश सेल्सियस तापलेल्या धुरात ५२० च्या घरात. म्हणजे दीडपट! नळी तीच, पण तापल्यावर तिचा स्वतःचा नाद षड्जावरून पंचमाच्या आसपास चढतो. नळी शेपटीकडे निवत जाते, म्हणून प्रत्यक्षात चढ थोडा कमी येतो. तरी सकाळच्या आवाजाची तुलना दुपारच्या आवाजाशी करणे म्हणजे दोन निरनिराळ्या गायकांची तुलना करणे होय. थंड आवाज थंडाशी ताडावा, तापलेला तापलेल्याशी.

हे सारे मी पुस्तकांतून शिकलो असे नाही. आबार्टने ज्या फियाट गाड्यांवर पैसा केला त्यांचीच भावंडे मुंबईत कुर्ल्याला तयार होत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडे. पन्नाशीतल्या गोलसर गाडीला मुंबईकर प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. १,०८९ घन सेंटिमीटरचे साधे, सहनशील इंजिन. १९७९ साली माझ्या भाऊजींकडे अशी एक जुनी ११०० होती, आणि तिला त्यांनी हौसेने दोन नळ्यांचा सायलेन्सर बसवून घेतला होता. विंचू वगैरे काही नव्हता. मुंबईतच कोणीतरी वाकवून, जोडून दिलेला माल. पावसाळ्याच्या तोंडाशी गाडीचा आवाज चढला. भाऊजी म्हणाले, "आता कशी बोलायला लागलीय बघ!" श्रावणात ते सहकुटुंब खंडाळ्याला गेले. पाऊस म्हणून काचा वर. घाटात ताईचे डोके ठणकू लागले आणि धाकटी भाची ओकली. गाडी लागली, असे सगळ्यांनी म्हटले. घाटात गाडी लागतेच. पुढच्या रविवारी वसईला जाताना सपाट रस्त्यावरही ती लागली, तेव्हा ताईच्या मनात आले, की मुलीला कधी गाडी लागत नसे.

ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे. तेथे रत्नागिरीकडचे एक वयस्क फिटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. आमची त्यांची जुनी ओळख. मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. "मास्तर, आता नको. रातभर उभी राहूदे. सकाळी कोणी चालू करू नका, मी आल्यावर करू." सकाळी सहाला ते आले, बॉनेट उघडले आणि भाऊजींना स्टार्टर ओढावयास सांगितले. पुढून टिकटिक ऐकू आली. शिवणाच्या यंत्रासारखी, इंजिनाच्या वेगाबरोबर धावणारी. पाचसहा मिनिटांत ती विरली. भाऊजी म्हणाले, "गेली की!" चाचा हसले. "गेली नाही साहेब, लोखंड फुगलं." इंजिनाला धुराची नळी जेथे जोडतात तेथले पॅकिंग जळले होते. थंडपणी फट उघडी असते, त्यातून प्रत्येक सुटका टिक्कन निसटते. तापून धातू फुगला म्हणजे फट बहुतांशी मिटते. दुपारी गॅरेजात नेलेल्या गाडीत हा रोग सापडत नाही तो यामुळेच.

मग त्यांनी एक किलतान ओले करून दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी दाबून धरले. निरोगी नळी असती तर इंजिन गुदमरून बंद पडावयास हवे होते. ते चालू राहिले, आणि पुढच्या सीटखालून सुस्कारा ऐकू आला. खाली तीन पैशाच्या नाण्याएवढे भोक होते, गंजाने पाडलेले. वरच्या पत्र्यालाही गंज होता. शेवटी चाचांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढले, नळीच्या तोंडासमोर धरले, आणि ते एकसारखे फडफडते आहे ना, की मधूनच आत ओढले जाते, हे पाहिले. आत ओढले गेले तर धुराची झडप जळली असे समजतात. कार्ड फडफडत राहिले. "झडपा छान आहेत," ते म्हणाले, आणि कार्ड पुन्हा खिशात ठेवले. ते त्यांना आलेले पत्र होते.

"आवाज वाढला म्हणून खूष होता तुम्ही. तो वाढला नव्हता साहेब. फुटला होता." भाऊजी काही बोलले नाहीत. ताई मात्र बराच वेळ गाडीच्या दारात उभी होती.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या लाल द्रव्याला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवितो, हे फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाखविले. त्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जे. एस. हॉल्डेन याने तो वायू स्वतः हुंगून आपल्यावरच प्रयोग केले, आणि खाणकामगारांनी सोबत पिंजऱ्यातला पक्षी न्यावा असा सल्ला दिला. लहान जीवाला विष आधी बाधते. मोटारीत असा पक्षी कोणी ठेवीत नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्या विषाची पहिली लक्षणे, आणि आपल्या भाषेत त्यांना अगोदरच एक निरुपद्रवी नाव आहे: गाडी लागणे. नाकाला काही कळत नाही, तेव्हा उरतो तो कान.

गंजाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्याविषयी अज्ञान फार. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. वाफेच्या रूपाने ते निघून जाते. पण गाडी रोज बाजारापर्यंतच जात असेल तर हंडा तापतच नाही, आणि ते पाणी आम्ल होऊन तळाशी साचते. सायलेन्सर बाहेरून पावसाने गंजतो त्याहून अधिक आतून गंजतो. म्हणून जाणते कारागीर हंड्याच्या सर्वांत खालच्या जागी टाचणीएवढे छिद्र मुद्दाम ठेवतात. त्यातून थेंब गळताना पाहून मालक घाबरतो, वेल्डिंगवाल्याकडे जातो आणि ते बुजवून घेतो. रोग्याचा घाम बंद करण्याचाच हा प्रकार!

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि शेपटीच्या भाषेत नव्या शब्दांची भर पडली. या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट असते. ती फुटली की डब्यात खडे हलविल्यासारखा खुळखुळाट होतो, आणि तुकडे आडवे पडून धूर अडला तर गाडीचा दम जातो. आवाज लहान झाला आणि दमही गेला, ही खूण वाढलेल्या आवाजाइतकीच वाईट. पुढे प्राणवायू मोजणारी कळ नळीत आली. तिच्या अलीकडे सांध्याला फट असली, तर दोन धक्क्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते, कळ फसते आणि इंजिनाला नको तितके पेट्रोल पाजते. पाय उचलल्यावर मागे जे फटफट वाजते ते पुष्कळदा अशा आत शिरलेल्या हवेत उरलेसुरले पेट्रोल जळाल्याने. हल्ली मात्र ते फटफटणे लोक पैसे देऊन करवून घेतात. म्हणजे आता रोग आणि दागिना यांत फरक करावयाचा तर आधी मालकाला विचारावे लागते.

आमच्या शहरांतून फटाका सायलेन्सर, पुंगळी सायलेन्सर म्हणून जे काही ओरडते ते बहुधा मोटरसायकलींचे असते, आणि त्याविषयी मला मुळीच सहानुभूती नाही. १९८९ च्या मोटार नियमांत प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा असे स्पष्ट आहे. पोलीस अशा जप्त नळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोलर फिरवितात, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. बहुतेक नळ्या आतून रिकाम्या असतात. लोकरही नाही, खोलीही नाही. ज्या आवाजात दाबलेले असे काही नाही त्यात बदल तरी कशाचा ऐकावयाचा? आबार्टच्या हंड्याला निदान एक घराणे होते.

आबार्टने १९७१ साली कारखाना फियाटला विकला आणि १९७९ साली व्हिएन्नात देह ठेवला. मुंबईच्या टॅक्सीत उरलेली शेवटची पद्मिनी, डुक्कर फियाटची ती धाकटी बहीण, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नियमाप्रमाणे रस्त्यावरून उतरली. विंचवाचे नाव फियाटने जपले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात त्या नावाची विजेवर चालणारी गाडी जाहीर झाली. तिला धूर नाही, तेव्हा शेपटीत नळीही नाही. पण गिऱ्हाइकाला आवाज हवा म्हणून बाहेर एक ध्वनिक्षेपक बसविला आहे, आणि त्यातून जुन्या पेट्रोल-आबार्टचा आवाज निघतो. तो जुळविण्यासाठी तंत्रज्ञांनी हजारो तास खर्च केले असे कंपनी सांगते. वेग वाढविला की आवाज वाढतो, कमी केला की उतरतो. गाडीत कोठे काही बिघडले, तर फिटर पुढच्या बाजूला एक वायर जोडतो आणि पडद्यावर आकडे वाचतो; मागे विंचू तोपर्यंत पहिल्या दिवशी गुरगुरत होता तसाच गुरगुरत असतो.